समुद्र चांगला होता, पण...

माहेर रत्नागिरीचं आणि सासर जळगावचं असलं की एप्रिल-मे महिन्यांत फोनला उसंत मिळत नाही. पारा 44 ला टेकला की आमच्या अख्ख्या कॉलनीला एकदम समुद्राची आठवण होते, आणि समुद्र म्हणजे मी. कोणाच्या साडूला, कोणाच्या विहिणीला, कोणाच्या ऑफिसातल्या साहेबाला दोन दिवसांत रत्नागिरी बघायची असते. "वहिनी, तुमचं तर घरचंच आहे," अशी सुरुवात होते आणि तिकडे गॅसवर भरताच्या वांग्याचा कोळसा होतो.

सुरुवातीला मी मनापासून सांगायचे. संध्याकाळी मांडवीच्या धक्क्यावर जाऊन बसा.

"बरं. मग?"

"मग बसा."

पलीकडे शांतता. खानदेशी माणूस एवढ्या लांब गाडी करून नुसता बसायला जात नाही. बसायला त्याला घरचा ओटा आहे.

मग मी दुसरी लाडकी जागा सांगायचे. सकाळी लवकर मिरकरवाडा बंदरावर जा. होड्या लागलेल्या असतात, टोपल्यांतून सुरमई, बांगडा, कोलंबी उतरत असते, आणि लिलावात कोळणींचा आवाज असा लागतो की आपल्याला काही घ्यायचं नसलं तरी आपण मान हलवून बसू. एवढं रंगात येऊन सांगितल्यावर कळलं की समोरचं घर माळकरी आहे. काकूंनी एक शब्द न बोलता फोन काकांकडे दिला.

थिबा पॅलेसचंही तेच. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी 1886 साली रत्नागिरीत आणून ठेवलं, राजवाडा बांधून व्हायला 1910 उजाडलं, आणि 1916 मध्ये राजा गेला. म्हणजे घराचा ताबा मिळायला 24 वर्षं आणि राहायला जेमतेम सहा. ही गोष्ट ऐकून सगळे हळहळतात, पण राजासाठी नाही. आमच्या गल्लीत प्रत्येकाचा कुठे ना कुठे एक फ्लॅट अडकलेला आहे. मला मात्र थिबाबद्दल जरा जवळीक वाटते. त्याला समुद्राकाठी आणून टाकलं, मला समुद्राकाठून उचललं.

सगळ्यांना एकमताने आवडणारी गोष्ट एकच, मत्स्यालयातला देवमाशाचा सांगाडा. बाहेर अख्खा अरबी समुद्र उसळतोय आणि आमची मंडळी परत येऊन सांगतात, "बाकी ठीक. पण हाडं काय होती वं!"

या सगळ्यांवर कडी केली ती शेजारच्या आप्पांनी. आप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. मी त्यांना भाट्याला पाठवलं होतं. लांबच लांब वाळू, मागे सुरूचं बन, बाजूला काजळी नदीची खाडी; नाव ठेवायला जागा नाही. आप्पा परत आले ते गंभीर चेहऱ्याने.

"समुद्र चांगला होता, पण खाली होता. पाणी सोडून दिलेलं दिसलं."

"आप्पा, ओहोटी होती ती."

"असेल. पण वरून कळवत का नाहीत? आवर्तन कोणाच्या सहीने सुटतं?"

हतनूर धरणाचे 41 दरवाजे ज्याने उघडताना पाहिलेत, त्याला चंद्र पाणी ओढतो हे पटवणं सोपं नाही. चंद्राला सही करता येत नाही. शेवटी मी माझ्या बाबांचा हिशेब काढला: तिथीची पाऊणपट करायची, की साधारण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दिवसातून दोनदा, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. आप्पांनी तो वहीत उतरवून घेतला. आकडा असला की त्यांना पटतं.

जेवणाचा विषय मी काढतच नाही, तो आपोआप निघतो. जाताना मंडळींच्या पिशवीत ठेचा, तिखट शेव आणि कळण्याच्या भाकरी असतात. कोकणात दुष्काळ पडलाय अशी तयारी. माझी आई बिचारी ओलं खोबरं आणि गूळ घालून आमटी करते. पाहुणे वाटी बाजूला सरकवतात, हळूच डबी उघडतात, आणि आईच्या डोळ्यांदेखत आमटी लाल होते. परत आल्यावरचा अभिप्राय ठरलेला: "तुमच्या आई फार गोड हो. आमटीपण."

हो, उतरतात माझ्या माहेरीच. या सगळ्या जिज्ञासेचं मूळ ते. एकदोघांना मी सुरतेकडे वळवायचा प्रयत्न करून पाहिला. म्हटलं, आपली तापी तिथेच समुद्राला मिळते, भुसावळहून गाडी आहे, जवळ डुमसचा किनारा आहे. उत्तर आलं, "पण तिथे तुमचे बाबा नाहीत ना."

बाबांना याचं काही वाटत नाही. ते सगळ्यांना धक्क्यावर नेतात आणि बसवतात. आंबे घेताना मात्र वाद होतो. जळगावचा माणूस आंबा किलोने मागतो, रत्नागिरीचा बागवाला डझनाने सांगतो, आणि मध्ये उभे राहून बाबा दोन्हीकडून बोलणी खातात.

सासरच्यांनी माझ्यासाठी काही केलं नाही असं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी समुद्राची फार आठवण काढते म्हणून सासऱ्यांनी मला स्कूटरवरून मेहरूण तलावावर नेलं आणि हात लांब करून म्हणाले, "घे. हे पण पाणीच आहे." तलाव देखणा आहे, संध्याकाळी वाराही बरा असतो. फक्त पलीकडचा काठ दिसतो. मेहरूणची बोरं मात्र रत्नागिरीत मिळत नाहीत, हे मी माहेरी गेले की मुद्दाम सांगते.

यंदा मी फोन उचलायचाच नाही असं ठरवलं. तेव्हापासून सासूबाई उचलतात. त्यांनी समुद्र एकदाच पाहिलाय, तोही साडी भिजेल म्हणून लांबून. पण आप्पांची वही त्यांच्या हाती लागली आहे. काल मी पोळ्या लाटत असताना बाहेर फोन चालला होता. भिंतीवरच्या कॅलेंडरावर बोट ठेवून सासूबाई ठणकावून सांगत होत्या, "पौर्णिमेला गेले तर भरउन्हात जावं लागेल. तुम्ही अष्टमी धरा. बरोबर सहाला पाणी सोडतात."