परदेशातून : आधी तालमी वाढवा, मग श्रोत्यांना बोल लावा

भारतात वाद्यवृंदाच्या मैफलींवरून एक वाद अधूनमधून डोकं वर काढतो : विसाव्या शतकातलं संगीत कशाला ठेवता, आपल्या श्रोत्याला ते झेपत नाही. परदेशातला श्रोता तयारीचा असतो, हेही जोडीला ऐकवलं जातं. इथे परदेशात राहणाऱ्याला ते पटणं कठीण आहे. विसाव्या शतकातला सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविच, त्याचं नाव पाहून इथलेही कित्येकजण तिकीट काढत नाहीत. म्हणून तर आयोजक त्याच्या मागे एखादी लोकप्रिय सिम्फनी लावतात. फरक पडतो तो वाद्यवृंदाच्या तयारीत.

शोस्ताकोविचचा पहिला व्हायोलिन कन्चेर्तो, म्हणजे एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना, घ्या. 1947-48 मध्ये लिहिलेला, स्टालिनच्या काळात बासनात ठेवावा लागलेला. 1955 मध्ये लेनिनग्राडला व्हायोलिनवादक डेव्हिड ऑइस्त्राखने तो प्रथम वाजवला. यात ट्रम्पेट-ट्रॉम्बोन नाहीत, पण दोन हार्प आणि सेलेस्टा (घंटीसारखा आवाज देणारं पट्ट्यांचं वाद्य) आहेत. सेलेस्टा ऐनवेळी सुरात लावता येत नाही. त्याचा मूळ स्वर 440 हर्ट्झवर आणि वाद्यवृंदाचा 442 वर असेल, तर पहिल्या भागातल्या हळुवार जागाच बेसूर होतात. हार्पच्या 47 तारा हॉल गार झाला की हलतात, म्हणून एसी आधी लावून मग सूर मिळवायचे. नवख्या कानाला मुद्दाम लिहिलेला कर्कश स्वरमेळ आणि चुकून लागलेला स्वर वेगळे ओळखता येत नाहीत. मोत्झार्टमध्ये चूक वादकाची ठरते. शोस्ताकोविचमध्ये ती संगीतकाराच्या माथी बसते.

तिसरा भाग, पासाकालिया, तर आपल्याला परका वाटायचं कारणच नाही. खर्जातली 17 बारची (बार म्हणजे तालाचा एक विभाग) धून पुन्हा पुन्हा फिरते, बाकी सगळं तिच्यावर उभं राहतं. एकल तबल्याखालचा लेहरा ऐकलेल्याला हे एका वाक्यात समजतं. दोन आवर्तनं झाल्यावर व्हायोलिन शिरतं आणि पुढे तीच धून स्वतः ऑक्टेव्हमध्ये (एकाच वेळी दोन सप्तकांत) जोरकस वाजवतं. मग वाद्यवृंद थांबतो, कॅडेन्झा, म्हणजे एकलवादकाने एकट्याने वाजवायचा भाग, अगदी हलक्या आवाजात सुरू होतो आणि तिसरा भाग संपला असं समजून टाळ्या पडतात. कार्यक्रमपत्रिकेत ‘तिसरा व चौथा भाग सलग’ एवढं छापावं.

इथल्या व्यावसायिक वाद्यवृंदांत साधारण तीन-चार तालमी होतात, एकलवादक शेवटच्या एक-दोन तालमींना येतो. वादक एकमेकांच्या सवयीचे असतात, म्हणून तेवढं भागतं. भारतात, जिथे बरेच वादक मैफलीपुरते बाहेरून येतात, तिथे तेवढ्याच तालमींवर हा कन्चेर्तो उभा करणं हा श्रोत्यांवर अन्याय आहे. फुंकवाद्यांची तालीम वेगळी हवी, कारण दुसऱ्या भागातली गुंतागुंत तिथेच फसते. एकलवादक एक दिवस आधी यावा. आणि कॅडेन्झातून शेवटच्या भागात उतरायची जागा स्वतंत्रपणे चार-पाच वेळा घ्यावी. तिथे कंडक्टरने स्वरलिपीतून मान वर काढून व्हायोलिनच्या गजाकडेच पाहायला हवं.