मोकळी आहेस ना?

"मग आता तू मोकळीच आहेस ना?"

काल संध्याकाळी सव्वासातला सर हे म्हणाले आणि माझ्या टेबलावर चितळ्यांची पिशवी ठेवून केबिनमध्ये गेले. पिशवीत बाकरवडी असती तर हे सगळं लिहायची वेळच आली नसती. आत मार्केट यार्डातल्या एका शेठची वर्षभराची बिलं होती.

सकाळीच सरांना सांगितलं होतं, सीए फायनलचा जानेवारीचा अटेम्प्ट देत नाहीये, टॅक्स ऑडिटचा सीझन संपेपर्यंत अभ्यास बंद. हे सांगायला मला चार दिवस लागले. बाथरूममध्ये प्रॅक्टिस केली होती. सर म्हणाले, "बरं केलंस, आधी तब्येत." मी भाबडी. मला वाटलं, वय झालं की माणूस मवाळ होतो. सकाळचं ते "बरं केलंस" संध्याकाळी पिशवी घेऊन परत आलं.

मोकळी म्हणजे नक्की कधी मोकळी, हे मला कुणीतरी समजावून सांगा. माझा अभ्यास चालायचा पहाटे साडेपाच ते आठ, नवी पेठेतल्या अभ्यासिकेत. ऑफिस साडेनऊ ते देव जाणे. म्हणजे मी मोकळी झाले ती पहाटे साडेपाच ते आठ. त्या वेळात मी झोपणार होते. झोप! एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती. त्या वेळात कुणाचं ऑडिट करू, दूधवाल्याचं? (मार्केट यार्ड पहाटेच उघडतं हे सरांच्या कानावर जाऊ देऊ नका, पाया पडते.)

आता ती पिशवी. मी ती रात्री घरी आणली, कारण मी मूर्ख आहे. पेपर अंथरून त्यावर उपडी केली. सगळ्यात वर रबरबँड लावलेला पेट्रोलच्या पावत्यांचा गठ्ठा. तो चकचकीत कागद एप्रिल ते मार्च उन्हात, बहुधा गाडीच्या डॅशबोर्डवर, पडून पांढराफटक झालेला. रक्कम गेली, तारीख गेली, गाडीचा नंबर गेला. एका पावतीवर फक्त "थँक यू, पुन्हा या" एवढंच शिल्लक. त्याची काय एंट्री मारू? त्याखाली एक लग्नपत्रिका. मला वाटलं चुकून आली, तर मागे पेन्सिलीने हमालीचा हिशोब. त्याखाली फ्रिजचं बिल, ज्यावर शेठनी स्वहस्ते "ऑफिस" असं लिहून खाली दोन रेघा मारल्यात. डिलिव्हरीचा पत्ता बिबवेवाडी, फ्लॅट, तिसरा मजला. दोन रेघांनी फ्रिज ऑफिसात येत नाही हो शेठ. आणि अगदी तळाशी बाकरवडीचा चुरा. खराखुरा. चार बिलांना तेल लागलंय, एकावरचा जीएसटी नंबर त्या तेलात विरघळलाय. वर 3सीडी, म्हणजे टॅक्स ऑडिटचा फॉर्म, त्याचा क्लॉज 44 म्हणतो, प्रत्येक खर्च जीएसटीवाल्याकडचा किती, बिगर-जीएसटीवाल्याकडचा किती, कंपोझिशनवाल्याकडचा (म्हणजे ठोक दराने जीएसटी भरणाऱ्या छोट्या धंदेवाल्याकडचा) किती, वेगवेगळं सांगा. सांगते ना. तेलवाल्याकडचा किती याचाही रकाना द्या, तोही भरते.

ऑडिट रिपोर्टची शेवटची तारीख काय, तर 10 नोव्हेंबर. आणि याच्यासाठी म्हणे मी मोकळी.

मुळात हा ब्रेक मी घेतलेलाच नाही, माझ्या गळ्यात पडलाय. हिशोब साधा होता: टॅक्स ऑडिट 30 सप्टेंबरला संपणार, ऑक्टोबर-नोव्हेंबर-डिसेंबर अभ्यास, जानेवारीत फायनलचा ग्रुप टू, म्हणजे तीन पेपर. सप्टेंबरच्या अटेम्प्टचा विचारच केला नव्हता, सप्टेंबरात आम्ही माणसांत नसतोच. यंदा (2025) तर इन्कम टॅक्स रिटर्नांची 31 जुलैची मुदत आधीच 15 सप्टेंबर झालेली, मग शेवटच्या रात्री अजून एक दिवस, 16. गणपती कधी आले, कधी गेले, लक्ष्मी रोड कुठे बंद आणि कुठे चालू, हे मला फक्त ऑफिसला पोचायला लागलेल्या वेळेवरून कळलं.

मग सगळ्या देशाने एक्स्टेन्शन मागितलं. निवेदनं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, राजस्थान हायकोर्टाचा आदेश आला आणि पाठोपाठ सीबीडीटीने, म्हणजे प्राप्तिकराच्या केंद्रीय मंडळाने, 30 सप्टेंबरची 31 ऑक्टोबर केली. ऑफिसात टाळ्या. कुणीतरी खालच्या अमृततुल्यवाल्याला सगळ्यांचा चहा सांगितला. मी पण प्यायले, खोटं कशाला बोलू. पण दहाव्या मिनिटाला पहिला फोन आला: "मॅडम, डेट वाढली ना? मग आता दिवाळीनंतरच बघू." दुसरा फोन, तेच. तिसरा, तेच, शिवाय "दिवाळीच्या आगाऊ शुभेच्छा". ज्यांनी 20 सप्टेंबरला बॅलन्सशीट देतो म्हटलं होतं, त्यांनीसुद्धा दिलेला पेनड्राइव्ह परत मागवला. मुदत वाढली की काम कमी होत नाही हो, फक्त सडायला जास्त दिवस मिळतात. भाऊबीजेला, 23 ऑक्टोबरला, माझा भाऊ ओवाळून घ्यायला ऑफिसच्या जिन्यात आला होता. त्याला निरांजनाऐवजी मोबाईलचा टॉर्च दाखवला. हसला तो. मी नाही हसले.

मग 29 तारखेला पुन्हा: रिपोर्ट 10 नोव्हेंबर, ऑडिटवाल्यांची रिटर्नं 10 डिसेंबर. झालं. म्हणजे माझे तीन महिने संपले. आता जानेवारीचा फॉर्म भरून काय करू, परीक्षेला क्लॉज 44 पाठ म्हणून दाखवू?

हे सोसायटीतल्या काकूंना कोण समजावणार? त्यांना कुणी सांगितलं हे मला माहीत आहे (आई, मी तुझ्याशी नंतर बोलेन). लिफ्टमध्ये भेटल्या. "काय गं, सोडलंस म्हणे सीए?" सोडलं नाही काकू, ब्रेक घेतलाय. "हो का. आता तर वर्षातनं तीनदा असते ना परीक्षा? मग एकदातरी व्हायला हवी गं." तीनदा असते, बरोबर आहे. पूर्वी वर्षातून दोनदा नापास होता यायचं, 2025 पासून तीनदा येतं. सोय वाढलीये. वर म्हणाल्या, त्यांच्या भाच्याने नोकरी करून पहिल्याच झटक्यात केलं. कुठली परीक्षा, तर बँकेतली प्रमोशनची.

आणि ब्रेक या शब्दाने या लोकांना एवढं काय होतं? आयटीतले लोक सब्बॅटिकल घेतात, धर्मशाळेला जाऊन सूर्योदयाचे फोटो टाकतात, त्यांना कुणी "सोडलंस का" म्हणत नाही. आम्ही दोन महिने पुस्तक मिटलं की घरी सुतक.

विषय निघालाच आहे तर मे महिन्याचंही सांगून टाकते, कारण ते अजून सलतंय. मे 2025. परीक्षा मधेच पुढे ढकलली गेली. देशात परिस्थितीच तशी होती, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण शेवटच्या दोन पेपरांसाठी जे जे पाठ होतं ते त्या मधल्या दिवसांत गळून गेलं. निकाल: 52, 41, 53. प्रत्येक पेपरात 40 च्या वर. बेरीज 146. हवेत 150. चार मार्क! बरं, एका तरी पेपरात 60 असते तर एक्झम्प्शन मिळून तो विषय तरी सुटला असता. तर तेही नाही. सगळीकडे बरी, कुठेच चांगली नाही. दहावीच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी हेच लिहिलं होतं.

आणि ओटीपी. ओटीपीवर मी स्वतंत्र ग्रंथ लिहू शकेन. रात्री साडेदहाला पोर्टलने एकदाचा श्वास घेतला, सगळं अपलोड झालं, आता फक्त क्लायंटचा ओटीपी. फोन केला तर साहेब महाबळेश्वरला. "मॅडम, नेटवर्क नाही, मी तुम्हाला व्हॉइस नोट पाठवतो." सहा आकडे व्हॉइस नोटने! मागे कराओके चालू. त्यांनी म्हटलेला सात की आठ, हे मी हेडफोन लावून अकरा वेळा ऐकलं. तोवर ओटीपी एक्स्पायर. व्हॉइस नोट पाठवणाऱ्यांवर वेगळा टीडीएस लागला पाहिजे.

आणि आमचा आर्टिकल, म्हणजे सीएच्या हाताखालचा शिकाऊ. गुणी मुलगा आहे, पण त्याला दोन वर्षांची आर्टिकलशिप आणि मला तीन वर्षं होती, हे मी त्याला दिवसातून एकदा तरी ऐकवते. मला कळतंय की मी ती काकूच होत चालले आहे. परवा शेठच्या बँक रिकन्सिलिएशनमध्ये (बँकेचे आकडे आणि आपल्या नोंदी जुळवताना) 1,180 चा फरक येत होता. मी त्याला म्हटलं, तू टाकलेली एंट्री तू शोध, 1,180 रुपये सापडल्याशिवाय घरी जायचं नाही. बिचारा नऊपर्यंत बसला. त्याचा डबा उघडलाच नव्हता.

आता खरं सांगायची वेळ. ब्रेकचा पहिला रविवार. ऑफिसला सुट्टी (हो, एक मिळाली). बेत होता: झोप, मिसळ, पुन्हा झोप. मी सकाळी पाच पंचवीसला उठले. अलार्मशिवाय. उठून बसले तर करायला काहीच नाही, याची भीतीच वाटली. म्हणून लॅपटॉप उघडून "मे 2026 स्टडी प्लॅन" नावाची एक्सेल शीट केली. तीन तास. डीटी (डायरेक्ट टॅक्स) निळं, आयडीटी (इनडायरेक्ट टॅक्स) हिरवं, उरलेला पेपर केशरी. उजळणीला वेगळा टॅब. उशीर झाला की सेल आपोआप लाल व्हावा म्हणून फॉर्म्युला लिहिला. त्या शीटकडे बघून मला जो आनंद झाला तो मला पुस्तकाने कधीच दिला नाही. एक ओळ वाचली नाही, पण शीटला पासवर्ड टाकला, जणू कुणी चोरणार आहे. 1 एप्रिल 2026 पासून 1961 चा प्राप्तिकर कायदा जाऊन 536 कलमांचा नवा येणार, माझ्या डोक्यातले सगळे कलमांचे नंबर रद्दीत जाणार, हे आठवलं तेव्हा त्यासाठीही एक टॅब केला. जांभळा.

अभ्यासिकेची तीन महिन्यांची फी आधीच भरलेली आहे, ती परत मिळत नाही. मंगळवारी लॉकर रिकामा करायला गेले तर माझ्या खिडकीजवळच्या खुर्चीवर एमपीएससीवाल्या कुणाचीतरी पाण्याची बाटली, नावाचं स्टिकर लावून. चार दिवस! मी चार दिवस आले नाही तर खुर्ची गेली. बाटली उचलून टेबलाखाली ठेवली. मग पाच मिनिटांनी पुन्हा वर ठेवली, कारण तो पोरगा माझ्याहून दमलेला दिसत होता.

तर आत्ता रात्रीचे साडेअकरा. शेठची बिलं जमिनीवर, फ्रिज "ऑफिस"च्या ढिगात की "घर"च्या ढिगात हा वाद माझा माझ्याशीच चालू. आई दोनदा "झोप गं" म्हणून गेली. आणि त्या 1,180 चा फरक अजून तसाच.

थांबा. 1,180 म्हणजे हजार अधिक अठरा टक्के. बँक चार्जेस. कुणीतरी दोनदा टाकलेत.

एडिट लॉग, म्हणजे कुणी कधी काय टाकलं त्याची नोंद, उघडलाय. एक एंट्री त्या पोराची, 3 ऑक्टोबरची. दुसरी 16 सप्टेंबर, रात्री एक वाजून चाळीस मिनिटं. युजरनेम माझं.

उद्या त्याच्यासाठी मिसळ नेते. काय म्हणून नेली, ते मात्र सांगणार नाही.