तिकीट कोण देतं?

अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक आली की दर चार वर्षांनी जानेवारी-फेब्रुवारीत व्हॉट्सॲप ग्रुपवर एक गोंधळ ठरलेला. “ट्रम्प आयोवात जिंकले” अशी बातमी येते आणि कोणीतरी विचारतंच, “मग नोव्हेंबरात काय आहे?” प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे उमेदवारी म्हणजे अर्ज भरायच्या शेवटच्या दुपारी एबी फॉर्म कोणाच्या हातात पडतो ते. नाव कुठल्या तरी बंगल्यावर ठरतं, इच्छुक बाहेर ताटकळतात, ज्याचा पत्ता कट होतो तो बंडखोरी करतो. अमेरिकेत नोव्हेंबरात खरी निवडणूक, पण त्याआधी हा एबी फॉर्म मतदार वाटतात. साधारण जानेवारी ते जून, एकेका राज्यात. त्याचं नाव प्रायमरी.

यातली सगळ्यात अचाट गोष्ट म्हणजे पक्षाला कोणाला ‘नाही’ म्हणायची सोयच जवळपास उरलेली नाही. २०१६ मध्ये रिपब्लिकनांकडून १७ जण रिंगणात होते. पक्षातल्या जुन्याजाणत्यांना ट्रम्प नको होते. आधीच्या निवडणुकीतले उमेदवार मिट रॉम्नी यांनी तर जाहीर भाषणात त्यांचे वाभाडे काढले. उपयोग शून्य. त्याच वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाचं तिकीट मागायला बर्नी सँडर्स आले. सिनेटवर अपक्ष म्हणून निवडून आलेला माणूस! हिलरी क्लिंटनना त्यांनी महिनोन् महिने झुंजवलं. मतदारांचंही तसंच. बऱ्याच राज्यांत पक्षाचं होणं म्हणजे मतदार नोंदणीच्या अर्जावर एका चौकटीत खूण करणं. ना वर्गणी, ना पावती पुस्तक. टेक्सास आणि मिशिगनमध्ये तीही भानगड नाही. ज्या पक्षाची मतपत्रिका मागाल ती मिळते. आणि पक्षाच्या या घरगुती भांडणाचा खर्च बहुतेक ठिकाणी सरकारी तिजोरीतून होतो!

काही राज्यांत प्रायमरीऐवजी कॉकस, म्हणजे पक्षाची स्थानिक सभा. आयोवातल्या डेमोक्रॅट्सचा २०२० पर्यंतचा कॉकस ही बघण्यासारखी चीज होती. हाडं गोठवणारी थंडी, संध्याकाळची वेळ, शाळेचा हॉल. गुप्त मतदान वगैरे काही नाही. ज्याला पाठिंबा त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. मग डोकी मोजायची. बहुतेक ठिकाणी १५ टक्के जमले नाहीत तर तो गट बाद, आणि त्या गटातल्या लोकांना ओढायला बाकीचे धावतात. शेजारीण, मुलाची शिक्षिका, चर्चमधले काका, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तुम्ही कोपरा बदलायचा. समसमान झालं तर नाणं उडवून निकाल, हेही घडलेलं आहे. २०२० मध्ये निकाल कळवायला ॲप आणलं आणि ते ऐन वेळी कोलमडलं. काही दिवसांनी आकडे आले तर सँडर्सना मतं जास्त, दुसरे इच्छुक पीट बुटिजेज यांना डेलिगेट जास्त. डेलिगेट म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी. नाट्य म्हणून मला हे सगळं प्रचंड आवडतं. पण रात्रपाळीच्या नर्सने किंवा तान्ह्या बाळाच्या आईने तिथे दोन तास उभं राहायचं कसं?

हे सगळं फार जुनं असेल असं वाटतं, पण तसं नाही. प्रायमरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होत्या, तरी खरी सूत्रं पक्षातल्या बड्या धेंडांकडेच असायची. १९६८ मध्ये उपाध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री यांनी एकही प्रायमरी न लढवता शिकागोच्या अधिवेशनात तिकीट मिळवलं; बाहेर रस्त्यावर पोलीस निदर्शकांना झोडपत होते. नोव्हेंबरात ते हरले. मग त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाने समिती नेमून नियम बदलले आणि अधिवेशनातली डेलिगेट मंडळी मतदारांच्या कौलाला बांधली गेली. गंमत म्हणजे त्या समितीचे पहिले अध्यक्ष जॉर्ज मॅकगव्हर्न १९७२ मध्ये नव्या नियमांनी उमेदवार झाले आणि ५० पैकी ४९ राज्यं हरले. पुढे २०२४ मध्ये बायडेन यांनी प्रायमरी जिंकून जुलैत माघार घेतली आणि कमला हॅरिस प्रायमरी न लढवताच उमेदवार झाल्या. पुन्हा उपाध्यक्ष, पुन्हा शिकागोचं अधिवेशन, पुन्हा पराभव.

तरीही बंगल्यावरच्या बंद दारापेक्षा मला हा गोंधळ परवडला. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाची डेमोक्रॅटिक प्रायमरी हरले, पण २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघातून अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहात गेले. स्वतःचा बक्कळ पैसा ओतला हे खरं, पण कोणाच्या दारात तिकिटासाठी बसावं लागलं नाही. त्यातही मेख आहेच: प्रायमरीत उमेदवारांची इतकी गर्दी होती की २८ टक्क्यांच्या आसपास मतांवर काम झालं. अध्यक्षपदाचंही तेच. २०१६ मध्ये साउथ कॅरोलायनात ट्रम्पना एक तृतीयांशापेक्षाही कमी मतं होती, पण तिथल्या नियमांमुळे डेलिगेट मिळाले ५० पैकी ५०.

माझा खरा राग आहे तो क्रमावर. २०२४ मध्ये रिपब्लिकनांचे एकूण डेलिगेट २,४२९. त्यात आयोवाचे ४० आणि न्यू हॅम्पशायरचे २२. पण या दोन चिमुकल्या राज्यांचे निकाल लागेपर्यंत बहुतेक उमेदवारांनी गाशा गुंडाळलेला असतो, कारण हरणाऱ्याला देणगी कोण देणार? न्यू हॅम्पशायरने तर आपली प्रायमरी देशात पहिली असावी असा कायदाच करून ठेवलाय. २०२४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने साउथ कॅरोलायनाला पहिला मान दिला, तर यांनी तो झुगारून आधीच मतदान उरकलं. बायडेन यांचं नाव मतपत्रिकेवर नव्हतं. लोकांनी ते हाताने लिहून त्यांना जिंकवलं.

आणि आपली एवढी मराठी माणसं जिथे राहतात ते न्यू जर्सी? त्यांची प्रायमरी २०२४ मध्ये ४ जूनला झाली. ट्रम्प यांच्या प्रतिस्पर्धी निकी हेली मार्चच्या पहिल्या आठवड्यातच बाहेर पडल्या होत्या, आणि १२ मार्चला बायडेन आणि ट्रम्प दोघांचंही आपापल्या पक्षातलं डेलिगेटचं बहुमत पक्कं झालं होतं. तिथल्या एडिसन गावच्या मतदाराने मग मत द्यायचं ते कशासाठी?

माझं मत विचाराल तर राज्यांचे चार-पाच गट पाडावेत आणि दर वेळी चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवावा. कधी न्यू जर्सी पहिली, कधी ॲरिझोना. न्यू हॅम्पशायरवाले अर्थातच कोर्टात जातील.