त्या रडणाऱ्या पोराच्या फोटोखाली काय लिहायचं?

परवा आमच्या घरच्या ग्रुपवर एक फोटो आला. मूळचा काळा-पांढरा, कुणीतरी त्यात रंग भरलेले. अंगात गणवेश, केस विस्कटलेले, आणि चेहरा आवळून रडणारा एक पोरगा. मिसरूडही धड फुटलेलं नाही. खाली ओळ होती : 'हिटलरचं स्वप्न भंगलं तेव्हा ढसाढसा रडणारा त्याचा सैनिक.' दहा मिनिटांत ग्रुपमध्ये दोन तट पडले. एकीकडे 'भोगा आता कर्माची फळं', दुसरीकडे 'बिच्चारा'ची रांग. माझ्या मावशीने मात्र एवढंच विचारलं, "अगं, याचं पुढे काय झालं? घरी गेला का तो?"

मला तिचा प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटला, कारण त्याचं उत्तर आहे आणि ते शोधायचे कष्ट बाकी कुणी घेतले नव्हते.

त्या मुलाचं नाव हान्स-गेऑर्ग हेन्के. 1945 साली, फोटो काढला तेव्हा जेमतेम 16 वर्षांचा. वडील आधीच गेलेले, 1944 मध्ये आईही गेली, आणि पोरगा हवाई दलात विमानविरोधी तोफांवर भरती झाला. त्या काळात जर्मनीत शाळकरी मुलांना तोफांवर नेमणं ही रोजची गोष्ट होती. 1943 पासून वर्गच्या वर्ग उचलून नेत होते. फोटो काढणारा जॉन फ्लोरिया हा 'लाइफ' मासिकाचा अमेरिकन छायाचित्रकार. तो ठामपणे सांगायचा की फोटो हेसेन भागातल्या एका गावातला आहे, अमेरिकन फौजेच्या हद्दीतला. हेन्केच्या आठवणीत मात्र पूर्वेकडची माघार आणि रशियन फौज होती. एकाच फोटोच्या दोन हकिगती, दोन्ही तिथे हजर असलेल्या माणसांच्या. रडण्याबद्दल मात्र हेन्केचं म्हणणं साधं होतं : लढाईच्या धक्क्याने रडू फुटलं. हिटलरचं स्वप्न त्यात कुठेच नव्हतं.

म्हणजे ग्रुपवर आलेली ती ओळ कुणीतरी आपल्या मनाने त्या पोराच्या तोंडी घातली होती. याचा मला मनापासून राग येतो, म्हणून आज एवढं लांबलचक लिहितेय.

कैद झालेल्या सैनिकाचा फोटो पकडणाऱ्याच्या बाजूने काढलेला असतो. लग्नातल्या फोटोत आपण मान फिरवू शकतो, 'नको रे' म्हणू शकतो. कैद्याला ती सोय नाही. 17 जुलै 1944 ला मॉस्कोत काय झालं ते पाहा. त्या उन्हाळ्यात बेलारूसमध्ये जर्मन फौजेची फळी मोडली होती. पकडलेल्यांपैकी सुमारे 57,000 सैनिकांना राजधानीच्या रस्त्यांवरून चालवत नेलं. पुढे सेनापती, मागे लांबच लांब रांगा, कुणाच्या पायात धड बूटही नाहीत, आणि सगळ्यांच्या मागून रस्ता धुणाऱ्या पाण्याच्या गाड्या. त्या गाड्या मुद्दाम होत्या, कॅमेऱ्यांसाठी होत्या. पण पाहणाऱ्यांनी लिहून ठेवलंय की दुतर्फा उभे असलेले बरेच लोक गप्प होते. त्या गर्दीतल्या किती बायकांचा नवरा, किती आयांचा मुलगा गेला असेल! तरी त्या नुसत्या बघत राहिल्या. त्या मिरवणुकीच्या फोटोंत माझी नजर कैद्यांवर कमी आणि फुटपाथवर जास्त जाते.

युद्धकैद्यांबद्दलचा 1929 चा जिनिव्हा करार सांगतो की कैद्यांना मारहाणीपासून, अपमानापासून आणि लोकांच्या कुतूहलापासून जपायचं. 'लोकांचं कुतूहल' हे शब्द शंभरेक वर्षांपूर्वी कुणाला तरी सुचले आणि ते कायद्यात आले. 1949 च्या करारातही ते राहिले. ते किती जपून लिहिलेत हे आपल्याला 27 फेब्रुवारी 2019 ला कळलं. अभिनंदन वर्धमान यांचा रक्ताळलेल्या चेहऱ्याचा व्हिडिओ फोनवर फिरू लागला, तेव्हा आपल्या सरकारने याच कराराचा हवाला देऊन निषेध केला होता. त्या संध्याकाळी आपल्यातल्या प्रत्येकाला वाटलं होतं की हे फिरवू नका रे. मग तीच चाड दुसऱ्याच्या पोराबद्दल का नको?

आता मला माहितीये, खाली कुणीतरी लिहिणारच, 'नाझींचा एवढा पुळका?' तर ऐका. जर्मनांनी सुमारे 57 लाख सोव्हिएत सैनिक कैद केले आणि त्यातले जवळपास 33 लाख मेले. उपासमारीने, थंडीने, रोगाने, गोळ्या घालून. 1941-42 च्या हिवाळ्यात उघड्या माळावर काटेरी तारांच्या आत माणसं गवत, झाडाची साल खात होती. आणि त्यांचेही फोटो आहेत, खुद्द जर्मन फौजेच्या प्रचार तुकड्यांनी काढलेले. दाढी वाढलेले, भुकेने खंगलेले चेहरे निवडून काढायचे आणि छापायचे : बघा, ही माणसं आहेत का? आधी उपाशी ठेवायचं आणि मग त्या उपासाचाच फोटो पुरावा म्हणून दाखवायचा. फोटोखालची ओळ काय करू शकते हे मी इथे शिकले. म्हणून हेन्केच्या फोटोखाली खोटी ओळ आली की मला ती निरुपद्रवी वाटत नाही. हेन्केची दया येते म्हणून ते 33 लाख माझ्या मनातून पुसले जात नाहीत. दोन्हीला जागा आहे.

ओळ चुकली की किती महागात पडतं, याचं एक उदाहरण जर्मनीतच आहे. हॅम्बुर्गच्या एका संशोधन संस्थेने 1995 पासून जर्मन सैन्याच्या गुन्ह्यांवर फोटोंचं प्रदर्शन गावोगाव नेलं. पुष्कळ फोटो सैनिकांनी स्वतःच काढलेले होते. 'आमच्या बापाने, आज्याने असलं काही केलं नाही,' असं म्हणणाऱ्यांना ते झोंबलं, मोर्चे निघाले. मग काही इतिहासकारांनी दाखवलं की यातल्या काही फोटोंतले मृतदेह सोव्हिएत गुप्त पोलिसांनी मारलेल्यांचे आहेत. 1999 मध्ये प्रदर्शन थांबवावं लागलं. तज्ज्ञांच्या समितीने तपासलं तेव्हा 1,433 फोटोंपैकी 20 हूनही कमी तिथे नको होते असं निघालं. पण तेवढ्यांनी बाकी 1,400 खऱ्या फोटोंवर शंका घ्यायला लोकांना कारण दिलं.

कुणी म्हणेल, यात आपला काय संबंध? आहे की. 1944 साली इटलीत मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी याच जर्मन फौजेशी लढत होत्या. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला टायबरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनच्या मोर्च्यावर धावून गेले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कोकणातल्या घराचं इतकं मोठं देणं त्या युद्धात गेलंय. मग त्यातल्या फोटोंकडे करमणूक म्हणून बघणं मला जमत नाही.

मला सगळ्यात जास्त छळणारा फोटो वेगळाच आहे. 1945 चा उन्हाळा, न्यूयॉर्कमधलं एक लष्करी रुग्णालय. जर्मन कैद्यांना खुर्च्यांवर बसवून छळछावण्यांचा चित्रपट दाखवताहेत आणि कॅमेरा पडद्याकडे पाठ करून त्यांच्या चेहऱ्यांकडे वळलाय. कुणी डोळे झाकलेत, कुणी मान खाली घातलीय, कुणी दगडासारखा समोर बघतोय. खरी लाज कुणाची, भीती कुणाची, आणि 'हे आम्हाला ठाऊक होतं' कुणाच्या मनात, हे फोटोतून कळत नाही. मी तो कितीदा तरी मोठा करून पाहिलाय.

त्या रात्री मी ग्रुपवर तो रंगवलेला फोटो काढून टाकायला सांगितलं, मूळ काळा-पांढरा टाकला आणि खाली लिहिलं : 'हान्स-गेऑर्ग हेन्के, वय 16. छायाचित्र : जॉन फ्लोरिया, 1945. जागेबद्दल दोघांचं सांगणं वेगळं. पुढे पूर्व जर्मनीत राहिला, 1997 मध्ये वारला.'

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग मावशीचा मेसेज आला.

"म्हणजे सुटला. पण घरी आई नव्हती ना गं त्याची."