उलटा पतंग

मासे १२० फुटांवर होते आणि माझं आमिष ५० फुटांवर. मधल्या सत्तर फुटांत माझी अब्रू लोंबकळत होती आणि ती नीट दिसावी म्हणून समोरच्याच फळीवर सासरे बसले होते.

तळ्याचं नाव टाहो. मराठी माणसाने खरं तर नावातच सावध व्हायला हवं होतं. दोन वाटे कॅलिफोर्नियात, एक वाटा नेवाडात, आमच्या घरापासून गाडीने चार तास. खोली १,६४५ फूट. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. आकडा जवळजवळ तोच, फक्त तिथे वर चढायचं आणि इथे खाली उतरायचं. शिवाय हे तळं मुळात समुद्रसपाटीपासून ६,२२५ फुटांवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या देवळाहूनही आठशे फूट वर पाणी भरून ठेवलेलं. "म्हणजे तळसुद्धा महाबळेश्वराच्या उंचीवर आला की," आबांनी गाडीतच तोंडी हिशेब काढला. आबा मोजणी खात्यातून निवृत्त झालेत. सिंधुदुर्गातल्या भावाभावांच्या बांधांवर तीस वर्षं साखळी टाकत फिरलेला माणूस. त्यांच्यासमोर आकडा टाकताना जपून टाकावा लागतो.

आबा माझ्याशी छापील मराठीत बोलतात, 'अहो जावईबापू' करून. खरं मत मात्र ते मालवणीत देतात, आणि तेही माझ्याकडे न बघता, भिंतीकडे किंवा झाडाकडे बघून. लग्नाला सतरा वर्षं झाली. मी मालवणी शिकलो ते याच भीतीने.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे मासा म्हणजे मटण मिळालं नाही तर करायची तडजोड. बायकोने मला काटे काढायला शिकवलं, आणि अमेरिकेत आल्यावर एका मित्राने गळ टाकायचा नाद लावला. होडीही त्याचीच. चौदा फुटी, ॲल्युमिनियमची, मागे दहा घोड्यांचं इंजिन. तो दरवेळी एकच अट घालतो : होडी खुशाल ने, पण काठाला भोक पाडू नकोस.

आणि सगळं घोडं या भोकाशी अडलेलं आहे. खोल पाण्यातला ट्राउट धरायला डाउनरिगर लागतो. डाउनरिगर म्हणजे होडीच्या काठावर स्क्रूने बसवायचा छोटा रहाट. त्याला पोलादी तार, तारेच्या टोकाला आठ-दहा पौंडांचा शिशाचा गोळा. गळाचा दोरा चिमट्याने तारेला अडकवायचा, गोळा पाण्यात सोडायचा आणि रहाटावरचा आकडा वाचायचा. १२० हवे तर १२०. मासा लागला की चिमटा सुटतो, गोळा तारेला तसाच राहतो आणि आपण मोकळ्या दोऱ्यावर माशाशी झुंजायचं. स्क्रू न लावता नुसता आवळून बसवायचाही प्रकार मिळतो. पण त्याची किंमत बघून मी गुणाकार केला. मी अजूनही गुणाकार करतो. उत्तरात दोन चांगले बोकड येत होते. बोकड सोडून रहाट घेणं रक्तातच नाही.

मासे इतके खाली का जातात, असं आबांनी आदल्या दिवशीच विचारलं होतं. मी बंबाचं उदाहरण दिलं. बंबात कढत पाणी वर राहतं आणि गार खाली, तसंच तळ्याचं. जुलैच्या उन्हाने वरचा थर तापतो, आणि ट्राउटला दहा-बारा अंशांचं पाणी लागतं, म्हणून तो उन्हाळाभर खालच्या मजल्यावर मुक्कामाला असतो. त्यातही आम्हाला हवा होता मॅकिनॉ, म्हणजे तळ्यांतला सगळ्यात दांडगा ट्राउट. हा मूळचा इथला नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्याला पूर्वेकडून आणून सोडलं, आणि इथला मूळचा कटथ्रोट ट्राउट १९३० च्या दशकाअखेर तळ्यातून नाहीसा झाला. त्यात माणसांच्या जाळ्यांचाही वाटा होता, पण मॅकिनॉने आपलं काम चोख केलं. ग्रीन कार्डाची रांग त्याला लागली नाही.

आबांना यातलं काही ऐकू आलं नाही, कारण त्याआधीच मी चुकून म्हणालो होतो की या तळ्यात १९४४ मध्ये कोकनी नावाचाही मासा सोडला.

"कोकणी?"

"कोकनी. सामन माशाची जात आहे, आबा. समुद्रात न जाणारी."

"समुद्रात न जाणारो कोकणी," आबा खिडकीबाहेरच्या पाइन वृक्षांना म्हणाले, "तो कसलो कोकणी?"

होडी पाण्यात घालायच्या आधी तपासणी असते. बाहेरच्या तळ्यांतले चिकट शिंपले होडीला लागून टाहोत येऊ नयेत म्हणून होडी स्वच्छ, रिकामी आणि कोरडी असावी लागते. कोरडी म्हणजे ठणठणीत कोरडी. मायर्सच्या नाक्यावर एका तरुण मुलीने बॅटरी मारून होडीचा कानाकोपरा बघितला, तळाच्या भोकात बोट घालून बघितलं आणि मग होडी आणि ट्रेलरला मिळून तारेचं सील ठोकलं. आबा हात मागे बांधून सगळं बघत होते. सरकारी काम होतं, त्यामुळे आदराने बघत होते. शेवटी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "होडी ओली तर नाही ना, हे बघतात. ती पाण्यात घालण्यापूर्वी." मग जरा थांबून, "आमच्या खात्यात हे सुचलं नाही कोणाला."

पहाटे केव्ह रॉकच्या धक्क्यावरून निघालो. पाणी इतकं नितळ की आबा काठावरून वाकून म्हणाले, कमरेएवढं असेल. बारा-पंधरा फूट होतं. १९६८ मध्ये इथे शास्त्रज्ञांनी पांढरी ताटली दोरीने सोडली तर ती शंभर फुटांपर्यंत दिसायची, हल्ली साठ-सत्तरला दिसेनाशी होते, अशी माहिती मी पुरवली. "ताटली सरळ खाली सोडतात ना?" आबांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्या प्रश्नात पुढच्या पाच तासांचं बीज होतं, पण तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

काठापासून थोडं आत गेलं की तळ एकदम कोसळतो. मित्राच्या होडीत सोनार आहे, म्हणजे पाण्याखालचं दाखवणारा पडदा. त्यावर १२० फुटांच्या रेघेजवळ एक कमान उमटली, मग दुसरी, मग तीन एकदम. प्रत्येक कमान म्हणजे एक मासा. आबा चष्मा पुसून टीव्हीसमोर बसल्यासारखे बसले. मी ट्रोलिंगची तयारी सुरू केली. ("ते फेसबुकवर करतात ते?" "नाही आबा. चालत्या होडीमागून आमिष ओढत न्यायचं." "तेच ते.")

डाउनरिगर नसलेल्या गरिबांसाठी शिशाच्या पोटाचा दोरा मिळतो. बाहेरून विणलेलं कापडी वेष्टण, आत बारीक शिशाची तार. दर तीस फुटांना रंग बदलतो, म्हणजे किती सोडला ते रंग मोजून कळतं. दहा रंगांची पूर्ण फिरकी, ३०० फूट. गेल्या वर्षी मी याऐवजी पाण्यात तिरकी घुसणारी प्लॅस्टिकची बशी वापरून बघितली होती. दोन बशा सोडल्या, आणि एका वळणावर त्यांनी एकमेकींना अशी मिठी मारली की सोडवायला काठावर येऊन कात्री मागावी लागली. तेव्हापासून शिसं.

या दोऱ्याची गंमत सांगायची तर हा उलटा पतंग आहे. वारा जसा पतंगाला उचलतो तसं पाणी ओढल्या जाणाऱ्या दोऱ्याला उचलतं. होडी जोरात गेली की सगळं शेपूट वर येतं, हळू केली की खाली जातं. ढील देत राहावी, देत राहावी, आणि पतंग कुठे आहे ते देवालाच ठाऊक. कटला तरी कोणी ओरडत नाही. लहान मासा लागला तर शिशाच्या वजनात त्याची धडपड हातापर्यंत पोचतच नाही. मागच्या खेपेला मी वीतभर रेनबो ट्राउट अर्धा तास तळं दाखवत फिरवला होता.

मी एकेक रंग सोडत गेलो. हिरवा, निळा, लाल. आबा मोजत होते. दहावा संपला तेव्हा मी जरा ऐटीतच म्हणालो, "तीनशे फूट!"

"तीनशे फूट लांब," आबा म्हणाले. "खोल किती?"

ताशी दोन मैलांच्या चालीला एका रंगामागे पाच फूट, असा ठोकताळा आहे. मला तो पुटपुटावा लागला.

आबांनी खिशातून पेन आणि बोटीच्या परवान्याचा कागद काढला. कर्ण तीनशे, उभी बाजू पन्नास. "पायाची बाजू दोनशे शहाण्णव," ते म्हणाले. "आपलं आमिष दोनशे शहाण्णव फूट मागे आहे आणि पन्नास फूट खाली. मासे एकशेवीस फूट खाली आहेत आणि बरोबर आपल्या पायाखाली. जावईबापू, ही हद्द जुळत नाही."

दोऱ्याला पाण्यात बाक येतो, तो सरळ कर्ण नसतो, असं मी म्हणणार होतो. म्हणालो नाही.

चाल कमी केली की दोरा खाली जाईल, हे खरं. पण मित्राचं इंजिन सगळ्यात मंद केलं तरी होडी तीन मैलांच्या खाली येईना. यावर अनुभवी लोकांचा उपाय म्हणजे मागे बादली बांधायची, ती पाणी धरते आणि होडीला मागे ओढते. मी गॅरेजमधली पांढरी बादली आणली होतीच. ती बांधली. आता इंजिन होडीला पुढे ओढत होतं, बादली मागे ओढत होती, आणि पेट्रोलचे पैसे मी दोघांचेही भरत होतो.

"मासो धरूक इलंव," आबा पलीकडच्या डोंगरावरच्या बर्फाला म्हणाले, "की बादली धुवूक?"

तीन तास. पडद्यावर कमानी येत होत्या आणि जात होत्या. आबांनी डबा उघडून पोळीची गुंडाळी खाल्ली, मलाही दिली. ऊन चढलं तशी त्यांनी कानटोपी काढून नातवाच्या शाळेची निळी टोपी घातली. साडेदहाच्या सुमाराला नैर्ऋत्येचं वारं सुटलं. इथे रोज सुटतं, एरवी दुपारी, त्या दिवशी जरा लवकर. पहिल्याच झोताने टोपी उचलली आणि होडीमागे तीस-चाळीस फुटांवर नेऊन टाकली.

"टोपी! शाळेची आहे!" आबा उभे राहिले. चौदा फुटी होडीत उभं राहू नये. मी घाबरून इंजिन न्यूट्रलला टाकलं, त्यांना खाली बसवलं, आणि बादलीच्या वजनाने होडी जागच्या जागी थबकली. आबांनी लांब दांड्याची जाळी घेतली, वाकून टोपीकडे हात घातला, पोचेना. मी वल्ह्याने होडी मागे ढकलली. दोन-तीन मिनिटं या प्रकारात गेली असतील. त्या दोन-तीन मिनिटांत ३०० फूट शिसं ओढणारं कोणी नव्हतं आणि ते शिशाला शोभेलसं खाली खाली बसत चाललं होतं, याचा मला पत्ताच नव्हता.

टोपी जाळीत आली, आणि रॉडचं टोक पाण्याला टेकलं.

"तळाला अडकलं," मी म्हणालो. तळ असा दोनदा मान डोलावत नाही, हे आबांना माझ्या आधी कळलं. "ओढा!"

३०० फूट दोरा गुंडाळणं म्हणजे विहिरीतून कळशी नव्हे, अख्खी मोट काढणं. जांभळा आला. पिवळा आला. मध्येच मासा अडून बसला आणि आलेला पिवळा परत गेला. आबा रंग मोजत होते, मागे गेलेला वजा करत होते. मनगट भरून आलं. आठवा. नववा. मग नितळ पाण्यात खोलवर काहीतरी राखाडी चमकलं, अंगभर फिकट ठिपके, शेपूट मधोमध चिरलेलं.

"जाळी!"

जाळीत टोपी होती. टोपी काढायला वेळ नव्हता. आबांनी टोपीसकट जाळी पाण्यात घातली आणि मॅकिनॉला टोपीवर घेतला. चारेक पौंडांचा असेल. होडीत आला तो टोपीत डोकं घालूनच.

"मेलो जड आसा," आबा म्हणाले. पहिल्यांदाच माझ्याकडे बघून.

संध्याकाळी भाड्याच्या केबिनमध्ये बायकोने त्याचे अर्ध्याचे तुकडे रव्यात तळले आणि अर्ध्याचं तिरफळ घालून कालवण केलं. तिरफळाची पुडी आबांच्या बॅगेत असतेच, औषधांच्या शेजारी. टोपी दोनदा धुऊन गॅलरीत वाळत घातली होती आणि एक खार तिच्याकडे संशयाने बघत होती.

"कसा झालाय, आबा?" बायकोने विचारलं.

आबांनी तुकडा संपवला, काटा ताटाच्या कडेला लावला. गोड्या पाण्यातला मासा हा मासाच नव्हे, हे त्यांचं मत मला ठाऊक होतं, आणि ते जाहीर व्हायची वाट बघत मी भातावर कालवण घेत होतो.

"मसाला चांगला झालाय," ते म्हणाले आणि चौथा तुकडा वाढून घेतला.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला मी डोळे चोळत बाहेर आलो तर आबा होडीच्या ट्रेलरपाशी तयार उभे. डोक्यावर कानटोपी, हातात नातवाची निळी, काखेत माझी क्रिकेटची आणि बायकोची उन्हाची रुंद काठाची हॅट.

"बादली राहू द्या," ते म्हणाले. "दर अर्ध्या तासाला एक टाकू."