कॅमेरा घ्यायचाय? आधी हिरव्या खुणा मोजा

कॅमेरा विकत घेण्याआधी हातात धरून बघायचा, ही जुनाट सवय सोडा. हातात धरून कळतं काय? शटरचं बटण बोटाखाली येतं की नाही, ग्रिप पुरते की करंगळी हवेत लोंबते, चष्मा लावून व्ह्यूफाइंडरचे चारही कोपरे दिसतात की नाही. एवढंच. यातलं काहीही तुलनेच्या वेबसाइटींवरच्या तक्त्यात नसतं, त्यामुळे ते महत्त्वाचं नसणारच. तुम्ही आपलं तुलनेचं पान उघडा, डावीकडे एक कॅमेरा घ्या, उजवीकडे दुसरा, आणि हिरव्या खुणा मोजायला बसा. ज्याच्या खुणा जास्त तो निवडून आला. लोकशाही आहे.

श्रीगणेशा मेगापिक्सेलने करा. २४ पेक्षा ४८ दुप्पट असतात हे शेंबडं पोरही सांगेल. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० गुणिले ४००० चा, आणि ४८ चा साधारण ८५०० गुणिले ५६५०, म्हणजे लांबी-रुंदी दीडपटसुद्धा वाढत नाही, असलं गणित कोणी मांडू लागलं तर विषय बदला. फोटो बघणार कुठे? ४के टीव्हीवर. त्याला स्वतःलाच जेमतेम ८३ लाख पिक्सेल, म्हणजे ८.३ मेगापिक्सेल. बाकीचे ४० मेगापिक्सेल बाहेर रांगेत उभे राहतील. आणि मग तो फोटो जाणार व्हॉट्सॲपवर. असो.

(कोडॅकमध्ये स्टीव्ह सॅसन यांनी १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, त्यात १०० गुणिले १००, म्हणजे अवघे दहा हजार पिक्सेल होते आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. तुलनेला दुसरा कॅमेराच नव्हता. बिचाऱ्यांना आपला कॅमेरा चांगला आहे हे कसं कळलं असेल?)

सेन्सरच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या, रकान्यात १/२.३ इंच असं काहीतरी दिसेल. हा अपूर्णांक सोडवायला जाऊ नका. ज्याला १ इंचाचा सेन्सर म्हणतात तो असतो १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटरचा, कर्ण मोजला तरी १६ मिलिमीटरच्या आत. इंच २५.४ चा असतो असं शाळेत शिकवलं होतं, पण तो वेगळा इंच. हा इंच जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून आलाय. नळ्या कधीच गेल्या, इंच राहिला, कारण मिलिमीटर लिहिले तर लोक मोजतील. मोजले तर दिसेल की फुल फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढ्या, सेन्सरचं क्षेत्रफळ त्या १/२.३ इंचवाल्याच्या तीसपट आहे. तक्त्यात मात्र दोघांनाही एकच ओळ. समानता.

आयएसओ, म्हणजे कमी उजेडातलं चित्र उजळवण्याचा आकडा, १,०२,४०० पर्यंत जातो ना? मग काळोखात मांजराचा फोटो काढा. दाण्यादाण्यांत ओळखू आलं नाही तर ते मांजराचं अपयश.

झूमच्या बाबतीत गुणाकार शिकून घ्या, पण एकाच बाजूचा. एखाद्या कॅमेऱ्याची लेन्स खरोखर ४.५ ते १०८ मिलिमीटरची असते (ही फोकल लेंग्थ, आकडा मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं आणि चित्रात मावतं कमी). खोक्यावर लिहितात २५ ते ६००, कारण फुल फ्रेमच्या हिशेबात तेवढी होते. ठीक. पण शेजारी एफ २.८ (लेन्सचं तोंड किती उघडतं त्याचा आकडा, लहान तितका प्रकाश जास्त आणि मागचं जास्त धूसर) लिहिताना हा हिशेब कोणाला आठवत नाही. प्रकाश मिळेल २.८ चाच, पण मागची झाडं धूसर करायला गेलात तर तीच लेन्स एफ १६ च्या आसपास वागणार. झाडं कुरकुरीत दिसतील, पानं मोजून घ्या.

डिजिटल झूमही वर जोडा. फोटो कापण्याला नाव दिलंय, मान ठेवा.

स्क्रीन ९ लाख २१ हजार ६०० डॉटचा आहे हे वाचून खूश व्हा. लाल, हिरवा, निळा वेगळे मोजलेत. तीनने भागू नका.

वेदर सीलिंगपुढे हिरवी खूण आहे? मग भर पावसात न्या. पाण्याने झालेल्या नुकसानीबद्दल वॉरंटी काय म्हणते ते घरी येऊन, डोकं पुसून, सावकाश वाचा.

लेन्स किती चांगली, असं विचारू नका. ते तक्त्यात नाही.

आता ४के व्हिडिओ, ६० म्हणजे सेकंदाला ६० चित्रं. दोन्ही कॅमेऱ्यांपुढे ‘४के ६०: हिरवी खूण’. बरोबरी झाली, पुढच्या रकान्यात चला. यात विचार करण्यासारखं काहीही नाही. परवा भाचीच्या गटाचं नृत्य होतं. लवकर जाऊन जागा धरली, ट्रायपॉड लावला, फोटो मोडमध्ये फ्रेम बघितली, बाराच्या बारा मुली मापात. पडदा उघडला, ४के ६० वर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि डावीकडच्या दोन, उजवीकडच्या दोन मुली गायब. भाची डावीकडून दुसरी. मागे सरकावं तर मागे इतरांचे ट्रायपॉड. खटपट करून फुल एचडीवर येईपर्यंत पहिलं कडवं संपलेलं. कारण काय, तर हा कॅमेरा ४के ६० ला पूर्ण सेन्सर वापरतच नाही, मधला तुकडा वापरतो. एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान, सेन्सर असल्यामुळे १८ मिलिमीटरची लेन्स आधीच २७ सारखी दिसत होती, या कापाकापीने ती ४० ची झाली. एक तृतीयांश रुंदी गेली. हे लिहिलंय कुठे? उत्पादकाच्या पानावर ‘४के ६०’ च्या डोक्यावर एक बारीक तारा आहे. त्या ताऱ्याचा अर्थ पानाच्या तळाशी, राखाडी अक्षरांत, फोनवर दोन बोटांनी मोठं केल्याशिवाय वाचता येणार नाही असा. आणि तुलनेच्या पानाने काय केलं? तो ताराही पुसला आणि हिरवी खूण लावली! एका खुणेखाली काय काय पुरलंय बघा. रुंदी किती कापली जाते ते. सलग किती वेळ चालतं ते. कित्येक कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी थांबायचे, का, तर युरोपात अर्ध्या तासाच्या वर रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राला व्हिडिओ कॅमेरा समजून जास्त जकात लागायची. उकाड्यात किती मिनिटांनी तापून बंद पडतो ते. त्या मोडमध्ये फोकस चेहऱ्यावर टिकतो की भिंतीवर जाऊन बसतो ते. कॅमेरा फिरवला की खांब तिरके पडतात का ते. हे सगळं मिळून एक खूण. आणि जीपीएस असल्याची एक खूण. आणि १२ ग्रॅमने हलका असल्याची एक खूण. तिन्ही सारख्याच हिरव्या. मग या खुणांची बेरीज करून एकाला ८१ गुण, दुसऱ्याला ७९, आणि वर मुकुटाचं चित्र.

बास झाला उपरोध.

तक्ते बनवणाऱ्यांनो, तुम्ही हे कॅमेरे हातात धरलेले नाहीत. बाजारात यायच्या आधीच तुमची तुलना तयार असते, म्हणजे धरणार तरी कसे? उत्पादकाच्या पत्रकातले आकडे उचलायचे, गैरसोयीच्या तळटिपा गाळायच्या, खाली ‘खरेदी करा’चं बटण लावायचं. त्या बटणावरून कोणी कॅमेरा घेतला की तुम्हाला कमिशन. मिळू दे, कामाचे पैसे घ्या. पण काम तरी करा! ४केपुढे ‘हो’ लिहू नका, किती टक्के रुंदी उरते ते लिहा. सेन्सर किती मिलिसेकंदांत वाचून होतो ते लिहा, खांब किती तिरके पडणार ते त्यावरच ठरतं. ‘सेकंदाला २० फोटो’ लिहिता, तर किती रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या, फाइलींनंतर बफर, म्हणजे तात्पुरती मेमरी, भरून कॅमेरा धापा टाकतो तेही लिहा. हे सगळं मोजता येतं, आणि मोजणारे लोक आहेत. एकेका कॅमेऱ्यावर दिवस घालवतात आणि शोधात तुमच्या खाली दिसतात.

कंपन्यांनो, मर्यादा असण्याबद्दल तक्रार नाही. प्रोसेसर तापणार, स्वस्त कॅमेऱ्यात काहीतरी कमी असणार, कळतं आम्हाला. मग लपवता कशाला? जिथे ६० लिहिलंय तिथेच, त्याच आकाराच्या अक्षरांत लिहा की चित्र कापलं जाईल. माहिती पुस्तिका खोक्यातून काढून टाकलीत, आता ती शेकडो पानांची पीडीएफ झाली, आणि नेमकी हवी ती ओळ तिच्यातल्या कोष्टकाखालच्या कोष्टकात.

आणि ८१ मोठा की ७९ यावर रात्र रात्र ब्रँडची बाजू घेऊन भांडणाऱ्यांनो, ते दोन गुण कशाचे आहेत हे एकदा तरी सांगता येतं का तुम्हाला?

हो, आणि पानाच्या शेवटी ‘ही तुलना उपयोगी वाटली का?’ असं विचारता ना. नाही वाटली.