एसीवाला उद्या सकाळी येतो

पहिला सल्ला: एसीची सर्व्हिसिंग मार्चमध्ये करून घेऊ नका. मार्चमध्ये एसीवाला मोकळा असतो. पहिल्या रिंगला फोन उचलतो, वर 'ताई, आज दुपारीच येऊ का?' म्हणून विचारतो. इतक्या अदबीने बोलणाऱ्या कारागिरावर पुण्यात कोणी विश्वास ठेवत नाही. एप्रिलचा तिसरा आठवडा उजाडू द्या. एसीचा आवाज येतोय, खाली ठेवलेल्या टबात पाणी टपकतंय, आणि गारवा मात्र कोणी लांबून फुंकर मारल्याइतका, अशी वेळ आली की फोन लावा. तो 'उद्या सकाळी येतो' म्हणेल. कुठल्या उद्या, हे विचारू नये.

तोवर उकाड्याबद्दल बोलत राहा. 'आमच्या लहानपणी पुण्यात पंखेसुद्धा नव्हते' हे वाक्य घरातल्या ज्येष्ठांना दिवसातून एकदा तरी म्हणू द्यावं. (पंखे होते. सासूबाईंच्या लग्नाच्या फोटोत मागे एक स्पष्ट दिसतो. मी आजवर बोललेली नाही.) बोलता बोलता हेही सांगावं की पुण्याचा उकाडा जिथे मोजतात त्या वेधशाळेच्या इमारतीला लोक शिमला ऑफिस म्हणतात. हवामान खात्याचं मुख्यालय 1928 साली शिमल्याहून इथे आलं, नाव सोबत आलं, हवा तिकडेच राहिली.

आता झोपण्याची व्यवस्था. घर दोन बेडरूमचं, एसी एका खोलीत, माणसं सात: तुम्ही दोघं, दोन मुलं, सासू-सासरे आणि 'चारच दिवस' म्हणून आलेली नणंद. लग्न झाल्यावर 'आम्हाला आमची स्पेस हवी' म्हणून तुम्ही हा फ्लॅट घेतला होता, ते विसरून जा. रात्री साडेनऊला गाद्या ओढत सगळे एकाच खोलीत येतील. पलंगावर सासूबाई, कारण त्यांचे गुडघे. सासरे त्यांच्या शेजारी, कारण त्यांचं घोरणं कुठूनही सारखंच ऐकू येतं. बाकीचे खाली, पापड वाळत घातल्यासारखे एकाला एक लागून. वाड्यात अशीच माजघरात माणसं झोपायची, तेव्हा त्याला गरिबी म्हणत. आता त्याला दीड टन म्हणतात.

रिमोट कोणाच्या हातात द्यायचा हा घराण्याचा प्रश्न आहे. 2020 पासूनचे नवे एसी सुरू होतानाच 24 अंशांवर सुरू होतात, तसा सरकारी नियमच आहे. एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, हेही सरकारनेच सांगितलंय. हे दोन्ही मुद्दे सासऱ्यांना पाठ असतात. मुलगा सोळावर नेतो. साध्या, इन्व्हर्टर नसलेल्या एसीत सोळा केल्याने खोली लवकर गार होत नाही, कॉम्प्रेसर दोन्ही वेळा तेवढ्याच जोराने चालतो, हे त्याला समजावून सांगायच्या फंदात पडू नका. दहावीला विज्ञानात त्याला तुमच्यापेक्षा जास्त मार्क मिळायचे आहेत. रात्री दोनला सासूबाई 'गारठले गं बाई' म्हणून उठतील, एसी बंद करतील आणि पंखा लावतील. सव्वादोनला कोणीतरी पुन्हा एसी लावेल. कोणी लावला याची चौकशी सकाळच्या चहाला होते. उत्तर कधीच मिळत नाही.

याच सुमारास नागपूरहून पाहुणे येतात. त्यांना बोलवावंच, म्हणजे आपला उकाडा लगेच कमी होतो. आमचा आतेदीर गेल्या वर्षी भर दुपारी तीनला स्टेशनवरून चालत आला, पाणीही न मागता खुर्चीत बसला आणि म्हणाला, "वहिनी, हे काय ऊन आहे का जी? नवतपा तं अजून लागाचाच आहे." (नवतपा म्हणजे मेअखेरचे भाजून काढणारे नऊ दिवस.) मग त्याने एसी लावलेल्या खोलीकडे एकदा पाहिलं आणि वाळ्याच्या ताट्या लावलेल्या कूलरपुढे हे काहीच नाही, यावर अर्धा तास घेतला. तो बोलत होता तेव्हा एसी खरंच काही करत नव्हता, त्यामुळे आम्हाला वादही घालता आला नाही. रात्री मात्र त्याने गादी बरोब्बर एसीखाली घातली.

आंब्यावर थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण इथे माणसाची खरी पारख होते. हापूस घ्यायला कधीही एकट्याने जाऊ नका. सोबत एक वास घेणारा आणि एक शंका घेणारा माणूस लागतो. विक्रेता 'देवगड आहे ताई, पेटीवर वाचा की' म्हणेल. पेटीवर वाचू नका, पेटीत वाचा. तळाशी अंथरलेला पेपर कानडी निघाला तर आंबा कुठल्या गावचा हे सांगायला पंचाची गरज नाही. अलीकडे विक्रेतेही हुशार झालेत आणि पेपर मराठी घालतात. तेव्हा त्यावरची तारीख आणि आवृत्ती बघायची. कोकणच्या हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून रत्नागिरीचं नाव लिहिलेल्या पेट्या जपून वापरल्या जातील असं मला वाटलं होतं. तसंच झालं: त्या एवढ्या जपून वापरतात की एकच पेटी चार-चार हंगाम पुरते.

पेटी घरी आली की ती सासऱ्यांच्या ताब्यात. गवतात अढी लावायची, रोज सकाळी एकेक आंबा उचलून दाबायचा (दाबायचा नसतो, पण दाबायचा), पुन्हा ठेवायचा. पहिले तीन दिवस सगळे कच्चे असतात. चौथ्या दिवशी सकाळी दोन तयार. पाचव्या दिवशी रात्री एकदम सव्वीस. मग घरात आणीबाणी जाहीर होते: सकाळी रस, दुपारी फोडी, रात्री पुन्हा रस, शेजाऱ्यांना दोन, वॉचमनला दोन. त्यातला सगळ्यात देखणा, केशरी, निबर आंबा पाहुण्यांसमोर कापायचा. त्यात साका निघतो. हा नियम मी तरी मोडलेला पाहिला नाही. त्यानंतरचे दहा दिवस प्रत्येक फोनवर 'आमच्या पेटीत साका निघाला' एवढंच सांगावं. बाकीचे सत्तेचाळीस गोड निघाले हे सांगून कोणाचं भलं झालंय?

कुरडया करायच्या असतील तर गहू तीन दिवस भिजवण्याआधी गच्चीची किल्ली मिळवा. ऊन गच्चीत असतं आणि किल्ली सेक्रेटरींकडे. आमच्या सोसायटीत 'गच्चीचा वापर खाजगी वाळवणासाठी करू नये' अशी पाटी आहे. सार्वजनिक वाळवण म्हणजे काय, हे मी सभेत विचारलं होतं. इतिवृत्तात तो प्रश्न आलेला नाही. गच्ची मिळालीच तर 13-14 मेच्या आसपास मुलांनाही वर न्या. त्या दिवशी साडेबाराच्या सुमारास सूर्य पुण्याच्या बरोबर माथ्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. आमच्या धाकटीने तो चमत्कार अकरा सेकंद पाहिला आणि 'आता खाली जाऊया ना, एसी लावून ठेवलाय' म्हणाली. कावळे राखायला शेवटी मीच थांबले, सावलीशिवाय.

मुलांच्या मनोरंजनाचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. पैसे द्यायचे. सकाळी पोहणं, मग वैदिक गणित, मग मातीकाम. आपल्या लहानपणी चिखलात खेळलं की मार मिळायचा, आता पावती मिळते. रविवारी पेशवे पार्कात न्यावं, फुलराणी, म्हणजे तिथली छोटी आगगाडी, दाखवावी. ती 1956 साली सुरू झालेली आहे, आपल्या वडिलांना त्यांच्या वडिलांनी दाखवली होती, हे सगळं रांगेत उभं असताना सांगावं. मुलं ऐकत नाहीत, पण मागच्या रांगेतले आजोबा 'अगदी बरोबर' म्हणतात.

संध्याकाळी साडेसातनंतर टीव्ही आयपीएलचा. सासूबाईंची मालिका गेली म्हणून घरात दोन तट पडतील असं तुम्हाला वाटेल, तर तसं होत नाही. पहिल्या आठवड्यात त्या रुसतात, दुसऱ्यात 'हा कोण रे, मागच्या वर्षी पिवळ्या कपड्यांत होता ना?' विचारतात आणि तिसऱ्यात 'याला आत्ताच कशाला आणला गोलंदाजीला' म्हणून कर्णधाराचा उद्धार करतात. हे मला मनापासून आवडतं. मालिकेतल्या सुनेपेक्षा कर्णधाराला बोललेलं घराला कधीही परवडतं.

थंड हवेच्या ठिकाणी जायचंच असेल तर महाबळेश्वरला जा, म्हणजे वाईच्या पुढे पसरणी घाटात गाडीत बसा. तिथे अख्खं पुणे भेटतं. काचा वर, गाडीतला एसी चालू. घरच्यापेक्षा तो चांगला चालतो, त्यामुळे घाटात चार तास गेले तरी कोणी तक्रार करत नाही.

मेच्या शेवटी घरातलं प्रत्येक माणूस टीएमसीत बोलू लागतं. पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला या धरणांत मिळून एकोणतीसच्या वर टीएमसी पाणी मावतं, आता किती उरलेत, कालवा समिती काय म्हणाली. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, साधारण 2,830 कोटी लिटर. हा हिशेब नणंद बाथरूममध्ये अर्धा तास शॉवर घेत असताना दाराबाहेर उभं राहून मोठ्याने करावा. तिचे ते चार दिवस एव्हाना चोवीस झालेले असतात.

मग एका दुपारी चार वाजता आभाळ भरून येतं. वारा सुटतो, गच्चीवरच्या कुरडया शेजारच्या इमारतीत जातात, खिडक्या आपटतात, गारा पडतात, लाइट जातात. पाहुणे परतीची तिकिटं बघायला लागतात. गाद्या आपापल्या खोल्यांत जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी, अंगावर चादर ओढून घ्यावीशी वाटेल इतक्या गार हवेत, बेल वाजते. दारात एसीवाला. 'ताई, जमलं बघा आज.' त्याला आत घ्या. तो जाळी काढेल, आतली धूळ तुम्हाला दाखवेल, मान हलवेल, गॅस भरेल, पैसे घेईल. एसी लावून बघायला सांगेल. लावा. खोली अशी गार होईल की सासूबाई शाल मागतील.

जाताना तो म्हणेल, "पुढच्या वेळी मार्चमध्येच फोन करत जा ताई."

हो म्हणा.